कांद्याच्या मुळाची साक्ष



आजचा विषय पत्रिकेवर ‘वनस्पतिनिर्मित धातुकण आणि पेशीतील गुणसूत्रे’ असा भारदस्त शब्दांत छापला आहे. नुसते ‘कांद्याचे मूळ’ छापले असते तर सभागृह रिकामे राहील अशी कार्यवाहांना धास्ती होती. खरे पाहता विषय कांद्याच्या मुळाचाच आहे, आणि मला विचारावयाचा प्रश्नही साधा आहे. एखादी वस्तू झाडाच्या पानापासून तयार झाली, एवढ्यावरून ती निरुपद्रवी मानावी काय?

दादरच्या बाजारातून एक फेरी मारली तर हा प्रश्न किती जवळचा आहे ते कळेल. साबणावर ‘हर्बल’, दंतमंजनावर ‘नैसर्गिक’, कुंडीत घालावयाच्या खतावर ‘हरित’. हे शब्द वाचले की आपण पुढचे बारीक अक्षर वाचत नाही. गेल्या वीसएक वर्षांत हा ‘हरित’ शब्द साबणाच्या वेष्टनावरून प्रयोगशाळेत शिरला आहे, आणि तेथे त्याच्यामागे चांदीसोन्याचे अतिसूक्ष्म कण उभे आहेत. त्यांची थोडी ओळख करून घेऊ.

चांदी म्हटली की काळबादेवीचा झवेरी बाजार, मिठाईवरचा वर्ख आणि देवघरातले निरांजन आपल्या डोळ्यांपुढे येते. पण चांदीचे आणखी एक रूप आपणा सर्वांच्या बोटाला लागून गेलेले आहे. चांदी नत्राम्लात विरघळविली की सिल्व्हर नायट्रेट नावाचे लवण मिळते. त्याचा पाण्यातला द्राव पाण्यासारखाच स्वच्छ दिसतो. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून मतदाराच्या बोटाला जी शाई लावतात तिच्यात हेच लवण असते. शाई लावताना जांभळी दिसते. मग आपण उन्हातून घरी येतो तो डाग काळा झालेला असतो आणि पुढे कित्येक दिवस साबणाला दाद देत नाही. याचे कारण, विरघळलेली चांदी कातडीवरच्या क्षारांशी संयोग पावून आणि उजेड लागून पुन्हा धातूच्या रूपात येते, ती बारीक कणांच्या रूपात. लोकशाहीचा तो काळा डाग म्हणजे चांदीच आहे.

आता हीच क्रिया भांड्यात, नेमस्तपणे केली तर? कणांची वाढ अगदी लहानपणीच रोखून धरली तर? मग मिळतात ते नॅनोकण. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहालाखावा भाग. शंभर नॅनोमीटरच्या आतला कण साध्या सूक्ष्मदर्शकातूनही वेगळा ओळखू येत नाही. एवढ्या लहान आकारात धातूचा स्वभाव पालटतो. चांदीचा द्राव पांढरा न राहता पिवळा-तपकिरी होतो आणि सोन्याचा माणकासारखा लाल होतो. लंडनला मायकेल फॅरडे याने १८५७ सालीच सोन्याच्या अशा लाल द्रावावर व्याख्यान दिले होते. तेव्हा गोष्ट जुनी आहे. नवी आहे ती बनविण्याची रीत.

ही नवी रीत बसविण्यात मोठा वाटा आपल्या पुण्याचा आहे, आणि तो आपल्याला पुरेसा ठाऊक नाही. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अबसार अहमद आणि त्यांचे तरुण सहकारी २००३ च्या सुमारास एक गमतीचे काम करीत होते. धातूच्या लवणापासून कण पाडावयाचे तर रसायनशाळेत तिखट, कधी विषारी रसायने वापरावी लागतात. या मंडळींनी त्यांच्या जागी पानांचा काढा घेतला. आधी जिरेनियमची पाने, मग कडुलिंब, मग गवती चहा. २००४ साली त्यांनी गवती चहाच्या काढ्यात सोन्याचे त्रिकोणी पापुद्रे तयार केले आणि ते वृत्त ‘नेचर मटेरियल्स’ या जगन्मान्य नियतकालिकात छापून आले. पुढे चिंचेची पाने आली, कोरफड आली. आजीच्या बटव्यातील निम्मी सामग्री प्रयोगशाळेच्या टेबलावर मांडली गेली म्हणा ना! पानांतील द्रव्ये विरघळलेल्या धातूला कणरूपात आणतात, आणि त्यांतलीच काही त्या कणाभोवती अस्तरासारखी बसून त्याला दुसऱ्या कणाशी चिकटू देत नाहीत. एकाच भांड्यात दोन्ही कामे उरकतात.

हे काम सुंदर होते याबद्दल दुमत नाही. त्यानंतर जगभर, आणि आपल्या देशात तर गावोगावच्या महाविद्यालयांत, तुळस, शेवगा, पेरू, आंबा, जे हाती लागेल त्या पानाचे चांदीकण निघू लागले. त्यांतले पुष्कळसे काम एकसुरी आहे. पान बदलले की नवा प्रबंध, अशी स्थिती झाली. असो. माझा मुद्दा निराळा आहे. या प्रबंधांच्या अखेरीस एक वाक्य हमखास भेटते: ‘ही रीत हरित आहे, म्हणून हे कण पर्यावरणाला सुरक्षित आहेत.’ या वाक्यातल्या ‘म्हणून’ या शब्दाशी माझे भांडण आहे.

रीत हरित आहे याचा अर्थ एवढाच की कण बनविताना विषारी रसायन वापरले नाही आणि घाण सांडपाणी निघाले नाही. तो गुण भट्टीचा झाला. भट्टीतून निघालेली वस्तू कशी आहे हे निराळेच तपासावे लागते. परळच्या लोकांना हे मी सांगावयास नको. हाफकिन संस्थेच्या नावाने सर्पदंशावरचे जे औषध ओळखले जाते ते घोड्याच्या रक्तापासून होते. घोडा निसर्गाचा आहे, म्हणून ती कुपी तशीच टोचा, असे तेथे कोणी म्हणत नाही. प्रत्येक घाणा तपासूनच बाहेर पडतो.

शिवाय एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. चांदीचे कण आपण घरात आणतो ते कशासाठी? जंतू मारण्यासाठी. भाजलेल्या जखमेच्या मलमात चांदी असते ती त्याचसाठी. टाटा समूहाने २००९ साली ‘स्वच्छ’ नावाची पाण्याची गाळणी बाजारात आणली. तिच्यात भाताच्या तुसाची राख आणि तिच्यावर चांदीचे सूक्ष्मकण होते. वीज लागत नव्हती आणि किंमत हजार रुपयांच्या आत होती. चांदीचा असा उपयोग मला मान्य आहे, किंबहुना त्याचे मला कौतुक आहे. पण जो पदार्थ एका पेशीला मारतो म्हणून आपण विकत घेतो, तो दुसऱ्या पेशीच्या वाटेस जाणार नाही असे तपासल्याविना गृहीत कसे धरावयाचे?

येथे कांदा साक्षीला येतो.

कांद्याची मुळे म्हणजे पेशीविभाजनाचा उघडा कारखाना. मुळाच्या टोकाशी, अवघ्या एकदोन मिलिमीटरांत, पेशी सारख्या दुभंगत असतात. विभाजनाच्या वेळी पेशीच्या केंद्रकातली गुणसूत्रे, ज्यांना आमच्या जुन्या पुस्तकांत रंगसूत्रे म्हणत, ती आखडून जाड होतात, पेशीच्या मध्यावर ओळीने उभी राहतात, प्रत्येकाचे दोन भाग होतात आणि ते भाग विरुद्ध टोकांना ओढले जातात. ही ओढाओढ करणारी जी धाग्यांची रचना, तिला शास्त्रात तर्कु म्हणतात, म्हणजे चाती. गिरणगावातल्या श्रोत्यांना चाती समजावून द्यावयास नको. गिरण्या गेल्या, पण शब्द अजून घराघरांत आहे. साच्यावर चाती बिघडली की सुताचे काय होते ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना पेशीची चाती बिघडली की काय होत असेल याची कल्पना करता येईल.

कांद्याची गुणसूत्रे सोळाच, आणि चांगली मोठी. माणसाची शेहेचाळीस, आणि मानाने बारीक. म्हणून पाहावयास कांदा सोपा. स्वीडनमधील लुंड येथे आल्बर्ट लेव्हान या शास्त्रज्ञाने १९३८ साली कांद्याच्या मुळांना कॉल्चिसीन या विषाच्या द्रावात वाढविले आणि चाती मोडली की गुणसूत्रे कशी जागच्या जागी खोळंबतात ते दाखवून दिले. कांद्याच्या कसोटीचा आरंभ तेथून मानतात. याच लेव्हानने १९५६ साली त्जिओ या सहकाऱ्याबरोबर माणसाची गुणसूत्रे अठ्ठेचाळीस नसून शेहेचाळीस आहेत हे जगाला सांगितले. कांद्यावर बसलेली नजर माणसाच्या पेशीतही चुकली नाही. पुढे १९८५ च्या सुमारास लुंडच्याच गेइरिड फिस्केशो या बाईंनी सांडपाणी आणि रसायने तपासण्यासाठी ही कसोटी नियमबद्ध केली.

आणि हे कॉल्चिसीन कोठून येते? वनस्पतीपासून! आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात कळलावी फुलते, लालपिवळ्या ज्वाळांसारखी. गणपतीच्या दिवसांत हौसेने तिची फुले आणतात. तिच्या कंदात हेच विष आहे, आणि ते शंभर टक्के नैसर्गिक आहे. कण्हेर, धोतरा यांची आठवण मग निराळी द्यावयास नको.

कसोटी अशी करतात. लहान, निरोगी कांदे घ्यावयाचे, बुडाची वाळलेली मुळे खरवडून काढावयाची आणि बूड पाण्याला जेमतेम टेकेल असा कांदा काचेच्या नळीवर बसवावयाचा. दोनतीन दिवसांत पांढरी मुळे सुटतात. मग काही कांदे स्वच्छ पाण्यात राहू द्यावयाचे आणि काही तपासावयाच्या द्रावात ठेवावयाचे. ठरल्या वेळाने मुळांची टोके कापून तीन भाग अल्कोहोल व एक भाग ॲसिटिक आम्ल यांत मुरवितात, कोमट आम्लात मऊ करतात, रंगवितात आणि काचेवर अंगठ्याने दाबून पातळ पसरवितात. रंगविण्यासाठी ऑर्सीन वापरतात. हा रंग मुळात दगडफुलांच्या एका जातभाईपासून काढीत; गोड्या मसाल्याचे सूक्ष्मदर्शकाशी असे नाते आहे.

यानंतरचे काम चिकाटीचे. हजारो पेशी मोजावयाच्या. शंभरांत किती दुभंगत आहेत हे पहिले माप. दुसरे माप बिघाडांचे. गुणसूत्रे एकमेकांना चिकटून गोळा झाली आहेत काय? दोन टोकांकडे निघालेल्या जोड्यांमध्ये पूल अडकला आहे काय? तुकडे पडले आहेत काय? एखादे गुणसूत्र मागे राहिले तर विभाजन संपल्यावर त्याचे वेगळे, इवलेसे केंद्रक बनते. असे लघुकेंद्रक दिसले की समजावे, या पेशीच्या वारशातला काही भाग हरवला. विष दोन प्रकारचे असते. एक पेशी मारून टाकते. दुसरे पेशी जगू देते पण तिची वंशावळ बिघडविते. दुसरे अधिक कपटी, कारण मूळ वरून धडधाकट दिसू शकते.

वेल्लोरला २००९ साली कुमारी, मुखर्जी आणि चंद्रशेखरन यांनी चांदीच्या नॅनोकणांची ही कसोटी प्रसिद्ध केली. कण शंभर नॅनोमीटरच्या आतले. स्वच्छ पाण्यात विभाजनाचे प्रमाण ६०.३ टक्के होते. लिटरला शंभर मिलिग्रॅम कण असलेल्या पाण्यात ते २७.६२ वर आले. पूल, चिकटणे, विस्कटलेल्या ओळी, तुटलेली गुणसूत्रे, सारे बिघाड दिसले. साठ टक्के हा मूळ आकडा मला फार मोठा वाटतो. आमच्या पाहण्यात कांद्याच्या टोकाशी शेकडा दहाच्या आसपास पेशी दुभंगताना दिसतात, आणि मोजण्याची रीत व जागा प्रयोगशाळेगणिक बदलते. म्हणून एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीच्या आकड्याशेजारी मांडून तुलना करू नये. त्याच प्रयोगशाळेतली घट मात्र बोलकी आहे.

हे घडते कसे? चांदीचा कण पाण्यात स्वस्थ बसत नाही. तो हळूहळू झिजतो आणि विद्युत्भार असलेले चांदीचे अणू सोडतो. ते गंधकयुक्त प्रथिनांना घट्ट चिकटतात. पेशीत प्राणवायूची उपद्रवी रूपे तयार होतात आणि ती गुणसूत्राचा धागा तोडतात. लवण एकदम येते आणि संपते. कण मात्र पेशीच्या दाराशी बसून थोडेथोडे विष सोडीत राहतो.

‘हे झाले रसायनाच्या कणांचे, पानांच्या कणांचे काय?’ असे कोणी विचारील. ब्रह्मपूर विद्यापीठातील मंडळींनी २०११ साली वनस्पतीच्या साह्याने केलेले चांदीकण कांद्यावर तपासले, आणि तेव्हापासून अशा कसोट्या अनेक ठिकाणी झाल्या. त्यांचा निकाल एका सुरात नाही. पुष्कळ ठिकाणी मात्रा वाढवीत नेली तसे विभाजन घटले आणि बिघाड वाढले. काही ठिकाणी पानांचे कण त्याच मात्रेच्या नुसत्या लवणापेक्षा सौम्य ठरले; कणाभोवतीचे पानांतले अस्तर चांदीला आवरून धरते असा तर्क आहे, आणि तो पटण्यासारखा आहे. अगदी अल्प मात्रेत रोपे उलट जोमाने वाढल्याचेही सांगतात. म्हणजे पान निर्दोषत्वाची हमी देत नाही आणि दोषही सिद्ध करीत नाही. कण केवढा, अस्तर कशाचे, चांदी किती वेगाने सुटते, मात्रा किती, यांवर सारे अवलंबून आहे.

आणि पानांच्या काढ्याला एक मोठी अडचण आहे. काढा दर वेळी सारखा नसतो. चैत्रातला कडुलिंब आणि श्रावणातला कडुलिंब एक नव्हे. कोकणातले पान आणि देशावरचे पान एक नव्हे. रसायनाची बाटली कोठेही तीच असते. म्हणून एका घाण्याच्या तपासणीवर पुढच्या दहा घाण्यांची खात्री देणे धोक्याचे. प्रयोगातही नुसते पाणी आणि कण यांची तुलना पुरत नाही. एक कांदा नुसत्या काढ्यात ठेवला पाहिजे, कारण बिघाड काढ्याचाच असू शकतो. दुसरा तेवढ्याच चांदीच्या लवणात ठेवला पाहिजे, नाही तर दोष कणाचा की विरघळलेल्या चांदीचा हे कळत नाही. मी वाचलेल्या कित्येक प्रबंधांत या दोहोंपैकी एक कांदा गैरहजर असतो.

आता आपल्या शहराकडे येऊ. चांदी लावलेले मोजे, कपडे, भांडी बाजारात आली. अमेरिकेत ॲरिझोना येथे २००८ साली असे मोजे धुऊन पाहिले, तेव्हा काहींतली जवळजवळ सारी चांदी चारदोन धुण्यांतच पाण्याबरोबर निघून गेली. आपल्याकडे ते पाणी मोरीतून गटारात जाते. वरळीच्या लव्ह ग्रोव्ह केंद्राकडून ते समुद्रात सोडले जाते. वाटेत काय घडते? देवघरातली चांदी काळी का पडते, तेच घडते. गटारात गंधकाचा वायू भरपूर असतो. चांदी त्याच्याशी संयोग पावून सल्फाइड बनते, आणि ते पाण्यात अतिशय कमी विरघळते. अमेरिकेतल्या एका मैलाशुद्धी केंद्राच्या गाळात चांदीचे असे सल्फाइडकण २०१० साली सापडले. म्हणजे गटार येथे चक्क आपला मित्र आहे! शिवाय प्रयोगातली मात्रा लिटरला मिलिग्रॅमांची, तर सांडपाण्यातले प्रमाण मायक्रोग्रॅमचे किंवा त्याच्याही खालचे. उद्या गिरगाव चौपाटीवर गुणसूत्रे तुटू लागतील असे मी म्हणत नाही, आणि कोणी तसे छापले तर विश्वास ठेवू नका.

शेताची गोष्ट मात्र निराळी. तेथे गटाराचा गंधक नाही आणि मोज्याचे धुणेही नाही. तेथे कण थेट पानावर आणि मुळाशी द्यावयाचे घाटत आहे. करप्यावर चांदीचे कण, जस्ताच्या कमतरतेवर जस्ताचे कण, असे प्रयोग चालू आहेत. काही यशस्वी होतील आणि शेतकऱ्याचा फायदाही होईल. केंद्र सरकारने २०२० साली अशा शेती-निविष्ठा आणि अन्नपदार्थ यांच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, हे योग्यच झाले. पण बाटलीवर ‘वनस्पतिजन्य’ लिहिलेले दिसताच दुकानदाराने आणि शेतकऱ्याने चौकशी सोडली, तर सूचना कपाटात राहतील.

कांद्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. कांद्याला यकृत नाही, रक्त नाही. त्याचा निकाल प्राण्यांवरील प्रयोगांशी पुष्कळदा जुळतो. पुष्कळदा म्हणजे सदैव नव्हे. कांदा ‘दोषी’ म्हणाला तर पुढचा तपास करावा, एवढाच त्याचा अधिकार. पण हा साक्षीदार स्वस्त आहे. प्राणी मारावा लागत नाही, यंत्रे परदेशांतून आणावी लागत नाहीत. परळ-दादर-माटुंग्याच्या कोणत्याही महाविद्यालयात, एका साध्या सूक्ष्मदर्शकावर, पदवीची मुले ही कसोटी करू शकतात. जेथे पानांचे कण बनतात त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर वनस्पतिशास्त्राचा वर्ग असतो. जिना तेवढा चढावयाचा आहे.

कोणा शिक्षकाला हे वर्गात करून पाहावयाचे असेल तर व्यवहाराची एक गोष्ट सांगतो. कांदा बाजारातून घेताना विचारून घ्या. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली किरणांचा मारा करून कांद्याला मोड येऊ न देण्याचे केंद्र सुरू केले. खाण्यास तो कांदा उत्तम, पण वाढणाऱ्या पेशींची गुणसूत्रे आधीच किरणांनी मोडलेली असल्यामुळे या कामाला तो निरुपयोगी. मोड येऊ लागलेला, गृहिणीने बाजूला टाकलेला लहान लाल कांदा घ्यावा. पाणी रोज बदलावे, आणि टोके सकाळच्या प्रहरी कापावी. त्या वेळी दुभंगणाऱ्या पेशी अधिक सापडतात.

 कोणाला काही विचारावयाचे असल्यास अध्यक्षांच्या अनुज्ञेने थोडा वेळ थांबतो.